कारखानीसांनी रुपेरी कागद सिद्ध केला त्याची हकीकत

खजराण्याच्या गजाननाचे चरणी मस्तक ठेवून, आणि माळव्याच्या मुलखी जे जे रसिक, कागदपारखी आणि पोहेभक्त असतील त्यांस रामराम करून, लिहिणार बंदा लिहितो ऐसाजे. लढाया बहुत जाहल्या आणि त्यांचे लिहिणारेही बहुत जाहले. कोणी किल्ला घेतला, कोणी घालविला, आणि ज्याने घालविला त्यानेच पुढे हौसेने हकीकत लिहविली. परंतु इंदूर शहरी, सांप्रतच्या काळी, जेवणाच्या मेजावर जी रणधुमाळी माजली, जीत कागद पडले, गोंद सांडला, पंखे बंद झाले आणि एका बापाचा शब्द टांगणीस लागला, तिची नोंद कोणी घेतली नाही. कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीस इतकी शाई कशास? ज्यास ऐसे वाटत असेल त्याने भर वैशाखात इंदुरी पंखा बंद करून घटकाभर बसून पाहावे, आणि मग बोलावे.

तरी प्रथम राजमान्य राजश्री सुधाकरराव कारखानीस यांची ओळख करून देणे प्राप्त आहे. यांचे पणजे होळकर सरकारच्या दफ्तरी होते. दफ्तरी होते म्हणजे नेमके काय करीत, हे घरात कोणी सांगत नाही. सुधाकरराव म्हणतात मोठे मुत्सद्दी होते, आणि जाणते म्हणतात की गठ्ठ्यांस रुमाल बांधीत. काही असो, कागद घराण्याच्या रक्तात होता. खासे सुधाकरराव वीज मंडळात साहेब होऊन निवृत्त जाहले, आणि त्यांचा स्वभाव ऐसा की मोहीम काढावी थाटाने आणि निम्म्या वाटेवरून फिरावे गुपचूप. सतार आणली, ती खोळीत गेली. गच्चीवर बाग आरंभिली, ती रिकाम्या कुंड्यांवर थांबली. फार काय, कन्या तन्वी दुसरीत असता तिजला बाहुलीचे लाकडी घर बांधून देतो ऐसा शब्द दिला, आणि तीन भिंती उभ्या केल्या, आणि चौथ्या भिंतीस मनाजोगी फळी मिळेना म्हणून मोहीम तहकूब केली. मग कन्या मोठी झाली, इंजिनियर झाली, पलासियास कचेरीत जाऊ लागली, आणि ते घर तीन भिंतींनिशी माळ्यावर पडून राहिले. त्यांच्या कुटुंब वसुंधराबाईसाहेब या शाळेत गणित शिकवून निवृत्त जाहलेल्या. त्या म्हणत की आमच्याकडे अपूर्णांकच फार.

एक छंद मात्र टिकला, तो घडीकामाचा, ज्यास जपानी लोक ओरिगामी म्हणतात. टिकण्याचे कारण इतकेच की कागद घरात असतो आणि फळी लागत नाही. सुधाकररावांनी बेडूक केले, बगळे केले, सोसायटीच्या सभेत कार्यवृत्ताच्या कागदाचा हत्ती केला, आणि अध्यक्षांची इतराजी ओढवून घेतली.

ऐशीयास तन्वीचे लग्न पुण्याच्या चिरंजीव ऋग्वेद यांजशी ठरले, आणि साखरपुड्यास पुणेकर मंडळी लवाजम्यासह इंदुरास दाखल जाहली. त्यांत वराच्या आत्या, ज्यांस सर्व जग बेबीआत्या म्हणते, त्या मुख्य. बाई वयाने वडील, वाणीने गोड, आणि गोडाच्या आत सुई. जेवणे चालली असता बाईंनी सहज विचारावे तैसे विचारले की, इंदूरकडे अजून रुखवत मांडतात का हो? आमच्याकडे आता तयार सेटच मिळतो. बॅटरीवर चालणारी बैलगाडीसुद्धा असते त्यात. तुम्हाला नसेल जमत तर मीच पाठवते, उगाच दगदग करू नका.

हे शब्द पंगतीत पडले. सुधाकररावांचे हाती जिलबी होती, ती तैशीच राहिली. मग खासे उठले आणि भरसभेत पैज बोलले की, रुखवतात आम्ही मोर मांडू, तो एका चौकोनी कागदाचा, अखंड, त्यास कात्री लागणार नाही, टाचणी लागणार नाही, पिसारा सबंध, आणि आपल्या पायांवर उभा. पुणेकरांनी माना डोलावल्या. बेबीआत्यांनी हसून फर्माविले की, बघू हं. तन्वीने बापाची बाही ओढून अर्ज केला की, बाबा, छोडो ना, राहू द्या. परंतु बाण सुटला तो सुटला.

पाहुणे गेल्यावर मात्र तन्वी बापाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि तिने हळूच पुसले की, बाबा, मोर खरंच होणार ना? की तो पण माळ्यावर जाणार? बेबीआत्यांच्या तोफेने जे जाहले नाही ते या एका प्रश्नाने जाहले. आता गोष्ट मोराची राहिली नव्हती. लेक घर सोडून जाण्याआधी बापाने तिच्यासाठी हाती धरलेले एक तरी काम शेवटास नेलेले तिला पाहावयाचे होते, आणि बापासही, जन्मात एकदा, ते तिला दाखवावयाचे होते.

मग मोहिमेस आरंभ जाहला. प्रथम चित्रकलेचा जाड कागद घेतला, तो घड्यांवर घड्या पडताच मानेपाशी फाटला. पातळ घेतला, तो फाटला नाही, परंतु घडी धरीना. पिसारा मुडपावा, आणि पाठ फिरते न फिरते तो आपला उलगडावा, आणि न्याहारीचा मोर दुपारपर्यंत बदक व्हावा. शेजारचे पियुष भिया (भाऊ म्हणण्याची इंदुरी तऱ्हा), जे सांवेर रोडवर पॅकिंगच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत, ते येऊन बदक पाहून म्हणाले की, वा काका, बतख तर एकदम मस्त बनवली तुम्ही! सुधाकररावांनी त्या दिवशी त्यांस चहा विचारला नाही.

तेव्हां फोनवरील उस्तादांच्या चित्रफिती पाहून खलबत केले, आणि रहस्य हाती आले ते ऐसे: मोर करणे तर कागद साधा उपयोगी नाही. झिरझिरीत टिश्यू कागदास पाठीमागून ॲल्युमिनियमचा रुपेरी पत्रा, ज्यास फॉइल म्हणतात आणि ज्यात गृहिणी पोळ्या गुंडाळतात, तो डकविलेला असावा. टिश्यूने रूप येते आणि फॉइलने घडी राहते. फॉइल एकदा मुडपली की मुडपली, चुलत्याच्या रागासारखी, पुन्हा सरळ होणे नाही. ऐसा कागद आणावयास सुधाकररावांनी जातीनिशी पलासियावर स्वारी केली आणि दुकानांमागून दुकाने धुंडिली. एका दुकानदाराने चमचम कागद पुढे करून सांगितले की, भिया, ये ले जाओ, बर्थडे में खूब चलता है. दुसऱ्याने नाक पुसावयाचे टिश्यू दिले. तिसऱ्याने पोळ्यांची फॉइल दिली. म्हणजे अर्धा माल येथे, अर्धा तेथे, आणि दोहोंस जोडणारा पृथ्वीतळावर कोणी नाही. सुधाकररावांनी तेथेच, भर रहदारीत, स्कूटरवर बसून निर्धार केला की कागद घरीच सिद्ध करावा. मागून हॉर्न वाजत होते, त्यांची पर्वा केली नाही.

मग फौजेची जमवाजमव. वसुंधराबाईसाहेबांचे मुदपाकखान्यातील फॉइल वीतभर रुंदीची, मोरास तर मेजाएवढा चौकोन पाहिजे. पियुष भियांनी बदकाचा अपराध मनात ठेवून अर्ज केला की, काका, टेन्शन नका घेऊ, अपने यहाँ चौड्या रोलचा तुकडा पडलेला आहे, साहेबांना विचारून घेऊन येतो. आणि आणिला. गोंद फवाऱ्याचा, डब्यातून फुसकन सुटणारा, तो मोटारींच्या गाद्या शिवणाऱ्याकडून मिळविला. राहिला टिश्यू, तो घरातच सापडला. तन्वीच्या बस्त्याच्या साड्या ज्या खोक्यांतून आल्या त्यांत प्रत्येक साडीस निळा झिरझिरीत कागद गुंडाळलेला होता, मोरपंखी म्हणावा ऐसा. वसुंधराबाईसाहेबांनी ते थोडके ताव इस्त्री करून स्वाधीन केले आणि बजाविले की, एवढेच आहेत. संपले की तुमची मोहीम संपली.

रणभूमी जेवणाचे मेज मुक्रर जाहले. त्यावर जुनी वर्तमानपत्रे अंथरली, त्यांवर फॉइल पसरली, आणि हुकूम सुटला की पंखा बंद, कूलर बंद, कारण टिश्यू इतका हलका की शिंकेने उडतो. बाहेर वैशाख तापलेला. खिडकी उघडावी तर लू आत येते आणि कागद हालविते, खिडकी लावावी तर गोंदाच्या वासाने डोके फिरते. सबब खिडकी घडीत उघडावी, घडीत लावावी, ऐसे काम वसुंधराबाईसाहेबांकडे आले, आणि त्या पदराने वारा घेऊ लागल्या तर तेही मना केले. सुधाकररावांच्या गंजिफ्रॉकाचा रंग पालटला. तथापि इरेस पेटले होते.

पहिल्या लढाईत गोंद फवारला, आणि निळा ताव दोहों हातांनी धरून खासे आता ठेवणार इतक्यात दार उघडून पियुष भिया आले, आणि, अरे काका, इतकी गर्मी, म्हणत त्यांनी सवयीने पंख्याचे बटण दाबिले. ताव जरीपटक्यासारखा उंच गेला, मेजावर एक फेरी घातली, आणि सुधाकररावांच्या तोंडावर येऊन बसला. दाढीस गोंद लागलेला होता. निळा कागद सोडविता सोडविता तुकडे जाहले, आणि डाव्या गालावर निळाई राहिली ती लग्नाच्या खरेदीस गेले तेथे लोकांनी पाहिली. पियुष भियांस बटणापासून चार हात लांब खुर्ची नेमून दिली.

दुसऱ्या लढाईत ताव नीट बसला. लाटण्यास फडके गुंडाळून वरून फिरविले, एक सुरकुती राहिली नाही, आणि वाळल्यावर कागद हाती धरिला तो एका अंगाने निळा, दुसऱ्या अंगाने चांदीसारखा. घरात जल्लोष जाहला. मग घड्या घालू लागले, आणि पिसाऱ्यापाशी येतात तो टिश्यू फॉइलवरून सुटला! येथे फुगा, तेथे फुगा, पुरीसारखे. दाबावे तर दुसरीकडे वर यावे. मोर महारोग्यासारखा दिसू लागला. सुधाकररावांनी गोंदास शिव्या दिल्या. पियुष भियांनी सांगितले की, काका, अपना माल एक नंबर आहे, खोट गोंदात. गोंद विकणाऱ्याने फोनवर शपथ वाहिली की, बाबूजी, इससे तो सीट चिपकती है, उस पर आदमी बैठता है. म्हणजे सर्व निर्दोष, आणि कागद मात्र मेला.

तो मृत कागद सकाळी कचरागाडीची नौबत वाजत आली तेव्हां दारी नेला. इंदुरी रिवाज ऐसा की ओला निराळा, सुका निराळा, आणि त्यात चूक करणाऱ्याची मोहल्ल्यात इज्जत राहत नाही. गाडीवरील बाईंनी तो हाती घेऊन उलटसुलट पाहिला आणि पुसले की, बाबूजी, ये कागज में डालूँ कि धातु में? सुधाकररावांनी एकदा निळे अंग पाहिले, एकदा रुपेरी. बाई म्हणाल्या, पहले पक्का कर लो कि बनाया क्या है. ऐसा अपमान दफ्तरदारांच्या वंशात पूर्वी कोणाचा जाहला नव्हता.

तेव्हां मनात आले की घरात फितुरी आहे. आणि, मति फिरली म्हणजे कशी फिरते पाहा, सुधाकरराव बोलून गेले की, या मेजावर तुम्ही पराठे लाटता, त्याचं तूप राहत असेल, म्हणून कागद सुटतो. वसुंधराबाईसाहेब जाग्यावरून उठल्या. चाळीस वर्षांच्या संसारात मेज दिवसातून दोनदा पुसणाऱ्या त्या. आवाज न चढविता त्यांनी फर्मान काढिले की, बरं. आजपासून मेज तुमचं, ओटा पण तुमचा, आणि स्वयंपाक पण तुमचा. मी तन्वीबरोबर बाहेरून काय ते मागवीन. येणेप्रमाणे मुदपाकखाना बंद जाहला आणि बाजूच्या खोलीतून दूरदर्शन मोठ्याने ऐकू येऊ लागले.

आता शिपाईगडी पोटावर चालतो. स्वयंपाक बंद, अभिमान ऐसा की शरण जावयाचे नाही, तेव्हां सुधाकररावांनी साइडबोर्डावरील फराळाची बरणी जवळ ओढून तिजवरच गुजराण चालविली. तिसरी लढाई जाहली. पूर्वीपेक्षा दुप्पट काळजी घेतली, पत्रा निवडून घेतला, गोंद डबा हालवून हालवून मारिला, आणि कागद पूर्वीपेक्षा दुप्पट सुटला. मग शेवटचा एक ताव तेवढा उरला.

संध्याकाळी तन्वी कचेरीतून आली तो घरात पंखा बंद, बाप मेजाशी बसलेला, आणि पुढे सोललेला कागद. सुधाकररावांनी मान वर न करिता सांगितले की, नाही होत गं. तुझ्या त्या आत्यांना फोन कर, म्हणावं पाठवा बैलगाडी. लिहिणार बंद्याने मोठमोठ्या वीरांचे पराजय ऐकिले, परंतु बापाने लेकीपुढे हात टेकावे हे ऐकवत नाही.

तन्वी रागावली नाही, समजूतही घातली नाही. तिने तो सोललेला कागद उचलिला आणि खिडकीपाशी उजेडात तिरपा धरिला. जेथे जेथे फुगे आले होते तेथे तेथे फॉइलवर लहान लहान गोल डाग चमकत होते, आणि ते चार चारच्या ओळीत होते, बाजूस एक अंगठा. तिने नाक जवळ नेले. मग तिने अदबीने पुसले की, बाबा, हे काम करताना तुम्ही सेव खात होता का? सुधाकरराव संतापले. छातीवर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली की, काम चालू असताना मी सेवला हात लावलेला नाही, अगं, मी काय वेडा आहे? तन्वी म्हणाली की, बरं. मग आत्ता तुमच्या उजव्या हातात काय आहे?

सुधाकररावांनी पाहिले. डावा हात छातीवर होता. उजवा बरणीत होता.

दूरदर्शन बंद पडले, कारण वसुंधराबाईसाहेब दारात येऊन उभ्या होत्या. इंदुरी माणसाचा हा जन्मजात धर्म आहे. पोह्यांवर सेव, भाजीत सेव, आमटी पातळ जाहली तर सेव, पाहुणा रुसला तर सेव, आणि हात रिकामा राहिला तर आपोआप बरणीत. खातो आहे हे खाणाऱ्यास ठाऊक नसते. लवंग-हिंगाचे ते तेल बोटांवरून फॉइलवर, आणि तेलावर गोंद कसा धरावा? फितुर बाहेरचा नव्हता. मोहिमेच्या मालकाचीच पाच बोटे शत्रूस मिळाली होती, आणि स्वयंपाक बंद पडल्यावर तर सारी रसद त्याच वाटेने चालली होती.

मग सुधाकरराव उठले आणि वसुंधराबाईसाहेबांसमोर जाऊन म्हणाले की, चूक माझी. मेज स्वच्छ होतं. या घरात हे वाक्य पूर्वी कधी उच्चारिले गेल्याचे दफ्तरी आढळत नाही. बाईसाहेबांनी ते पुन्हा एकदा म्हणवून घेतले, आणि तहाची कलमे सांगितली. मोर होईतोवर सेव बंद. बरणी घराबाहेर. मेजापाशी जो येईल त्याने आधी साबणाने हात धुवावे, मग तो नवरदेव का असेना. सुधाकररावांनी सर्व मान्य केले. बरणी पियुष भियांकडे अनामत ठेविली, आणि भियांनी ती दुसऱ्याच दिवशी रिकामी करून धुऊन परत आणिली. सकाळी पोहे पानात आले, उघडे, बोडके, वर कोथिंबीर तेवढी. सुधाकररावांनी डोळे मिटून खाल्ले. इंदुरात याहून मोठे तप नाही.

मग शेवटचा ताव घेऊन निकराची लढाई जाहली. तिघांनी हात धुतले. फॉइल कापसास स्पिरिट लावून पुसली. सुधाकररावांनी गोंद फवारिला, आणि एका टोकास मायने, दुसऱ्या टोकास लेकीने निळा ताव धरिला, जैशी धुतलेल्या साडीची घडी दोघींनी घालावी तैसा ताणून, आणि एका कडेपासून हळूहळू खाली सोडिला. कोणी श्वास घेतला नाही. मग सुधाकररावांनी मधून कडांकडे फडके फिरविले. वाळू दिला, कडा पात्याने कापून चौकोन केला, आणि एक कोपरा मुडपून, उघडून, पुन्हा मुडपून पाहिला. टिश्यू सुटला नाही. वसुंधराबाईसाहेब म्हणाल्या की, झाला बाई एकदाचा पूर्णांक.

पुढे घड्या कशा पडल्या ते सांगत बसलो तर वाचणाऱ्याची मान अवघडेल. कित्येक दिवस गेले, चष्मा बदलावा लागला, पिसाऱ्याच्या चुण्यांपायी बोटांस घट्टे पडले, आणि अर्ध्यावर सोडून द्यावे ऐसे एकदा नाही, अनेकदा मनात आले. तेव्हां तेव्हां सुधाकरराव उठून माळ्याकडे एकवार पाहत आणि परत येऊन बसत. शेवटी एके दुपारी मोर उभा राहिला. निळी मान, आत चांदीची झाक, पिसारा सबंध. सुधाकरराव ओरडले नाहीत. त्यांनी तन्वीस हाक मारिली, आणि जाऊन पंख्याचे बटण दाबिले आणि तो पाचावर सोडिला. कॅलेंडर फडफडले, वर्तमानपत्र उडाले, मोर हालला नाही. तन्वीने बापास मिठी मारिली आणि म्हणाली की, झाला. बाबा, झाला!

लग्नाचे दिवशी रुखवत मांडिले, मध्ये मोर. पुणेकरांची पलटण पाहावयास आली, पुढे बेबीआत्या, हाती पोह्यांची बशी, वर सेवचा डोंगर, कारण इंदूरचे हवापाणी त्यांस एका रात्रीत मानवले होते. बाईंनी मोर पाहिला, भुवया चढविल्या, आणि कोठे जोड आहे का म्हणून तपासावयास हात पुढे केला. तो हात मोरापासून बोटभर असता वसुंधराबाईसाहेबांनी फर्माविले की, आत्या, आधी हात धुऊन या.

वराची आत्या, भर कार्यात, आणि वधूच्या आईने हात धुवावयास पाठवावे! ऋग्वेद आपल्या बुटांकडे पाहू लागले. बेबीआत्यांनी आपली बोटे पाहिली, ती पिवळी होती. मग त्यांनी बशी ठेविली, बेसिनकडे गेल्या, साबण लावून हात धुतले, आणि आल्या. बाईसाहेब म्हणाल्या, कोरडे करून. आत्यांनी रुमालास हात पुसले. मग मोर अलगद उचलून पोटाखाली पाहिले, पिसाऱ्यामागे पाहिले, टाचणी धुंडिली, कात्री धुंडिली, आणि काही सापडले नाही. तेव्हां त्यांनी खरे ते खरे म्हणून जाहीर केले की, एकाच कागदाचा आहे हो. असा कागद मिळतो कुठे?

सुधाकरराव म्हणाले, केला.

आत्या म्हणाल्या की, ती बॅटरीची बैलगाडी मेली चार दिवसांत बंद पडते. पुणेकरांनी शस्त्रे ठेविली ती येथे.

मग पाठवणीचा समय आला, आणि प्रश्न पडला की मोर पुण्यास न्यावा कसा? खोक्यात घालावा तर पिसारा चेमटतो, हातात धरावा तर मोटारीत वारा. सर्वांच्या मसलती चालल्या असता तन्वी, शालू नेसलेली, कोणास न सांगता घरी जाऊन आली, आणि येताना तिच्या कडेवर माळ्यावरची धूळ झटकलेले ते बाहुलीचे घर होते. तिने ते रुखवताच्या मेजावर ठेविले आणि मोर आत सरकविला. तीन भिंतींनी त्यास तिन्ही अंगांनी धरिले, आणि पिसारा उघड्या बाजूने ऐटीत बाहेर आला. चौथी भिंत असती तर मोर मावला नसता. सुधाकरराव कसेबसे म्हणाले की, अगं, ती फळी राहिलीच. आता आणून लावतो मी. आज लावतो. तन्वीने हुकूम दिला की, नको बाबा. राहू द्या. आणि मग बापलेक दोघेही रडले, आणि वसुंधराबाईसाहेब रडल्या, आणि लिहिणार बंदा यानेही चष्मा पुसला, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

सबब दफ्तरी नोंद करावी ती ऐसी: मौजे इंदूर येथे वैशाखमासी राजश्री सुधाकरराव कारखानीस यांनी फॉइलीस टिश्यू डकवून रुपेरी कागद स्वगृही सिद्ध केला, त्याचा मोर उभा केला, आणि मोहीम अर्ध्यावर न टाकिता शेवटास नेली. खर्ची पडले ते साड्यांचे ताव, गोंदाचे डबे आणि एक घमेंड. सायंकाळी वऱ्हाड रवाना जाहल्यावर खासे घरी आले, पंखा लाविला, आणि त्या मेजाशी बसले. बाईसाहेबांनी सेवची भरली बरणी पुढे ठेविली. मेजावर आता कागद नव्हता, आणि पुढे व्हावयाचेही काही नव्हते. तरी सुधाकरराव उठले, बेसिनपाशी गेले, साबणाने दोन्ही हात चांगले धुतले, कोरडे केले, आणि मग मूठभर सेव घेतली. फत्ते जाहली, लिहिले असे.